मला पाच जागा होत्या

मी हेलिकॉप्टर आहे. आता उडत नाही, बडबडतो तेवढं. माझा आराखडा फ्रान्समधल्या लोकांनी काढला आणि जुळणी बेंगळुरूत आपल्या कारागिरांनी केली. दोन देशांची माणसं कितीतरी महिने खाणाखुणा करत एकमेकांचं बोलणं समजून घेत राहिली, तेव्हा कुठं माझा पंखा फिरला.

मराठी मी बन्सीधरकडून उचलली. तो माझा मेकॅनिक, मूळचा परभणीकडच्या देवगाव फाट्याचा. रोज सकाळी माझी काच पुसताना म्हणायचा, "काय रे लेकरा, झोप झाली का?" लय जीव लावला त्यानं मला.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात गोदावरी फुगली आणि आम्हाला परभणीला बोलावलं. काठच्या एका गावाला पाण्याचा वेढा पडला होता. गाव टेकाडावर, कोरडं. बौद्धवाडा उतारावर, पाण्यात. तिथल्या समाजमंदिराच्या छतावर एक बाई निळा झेंडा काढून हलवत होती, जवळ दोन लेकरं. मला दिसली ती. पायलट साहेबाची नजर मात्र टेकाडावर होती, तिथं माझ्यासाठी चुन्याच्या फक्कीनं गोल आखला होता. आम्ही तिथं उतरलो.

पंखा थांबतोय न थांबतोय तोच गावचे पुढारी आबासाहेब हार-नारळ घेऊन हजर! या भागात पाहुणा आभाळातून पडला तरी सत्कार केल्याशिवाय त्याला हलू देत नाहीत. माझ्या नाकाला कुंकू लावलं. साहेबाला शाल दिली. मेकॅनिक देवगाव फाट्याचा म्हटल्यावर, "अरे, हा तर आपलाच माणूस निघाला की!" म्हणत त्याला फेटा बांधायला घेतला.

तेवढ्यात पाण्यातून पोहत एक माणूस आला. पंडित त्याचं नाव. चिखलानं भरलेला, धापा टाकत होता.

"साहेब, माझी बायको बायनाबाई अन् दोन लेकरं समाजमंदिरावर हायेत. छत खचायलंय. आधी तिकडं चला, पाया पडतो."

साहेबाला मराठी येत नव्हती. "क्या कह रहा है ये?"

"कुछ नहीं साहब," आबासाहेब हसले. "नामांतरवाला है, चिल्लाने की आदत है. उधर सब खाली हो गया."

बन्सीधरला सगळं कळलं होतं. फेट्याचा शेवटचा पीळ बसायचा होता. सत्कार चालू असताना मधेच तोंड कसं उघडायचं, यजमानाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, असं त्याला वाटलं असेल. त्यानं फेट्यासाठी मान पुढं केली. संताप संताप झाला माझा, पण मला तोंड कुठंय!

मग "पेशंट हैं" म्हणून आबासाहेबांनी माझ्या पाचही जागा भरल्या. बायको नर्मदाबाई, जावई, व्याही आणि दोन पाहुणे. पाचही जण ठणठणीत. व्याह्यांनी तर जेवणाचा डबाही घेतला होता.

वर उठलो तेव्हा साहेबाला छत दिसलं. "अरे, वहाँ तो लोग हैं!" तो ओरडला. आम्ही जरा खाली आलो. बायनाबाईनं धाकटं लेकरू दोन्ही हातांनी उंच माझ्याकडं धरलं. जावई खिडकीतून म्हणाला, "बघा बघा, कसलं पाणी आलंय!" साहेबानं हातानं खूण केली, थांबा, परत येतो. ती हसली हो! खरंच वाटलं तिला.

गंगाखेडला पाच जणांना उतरवून परत यायला पंचवीस मिनिटं लागली. समाजमंदिराच्या जागी नुसतं पाणी होतं.

पंडित टेकाडावर उभा होता. रडत नव्हता. फेटा बांधलेल्या बन्सीधरजवळ आला.

"दादा, तुमाला मराठी येतं का?"

"येतं," बन्सीधर म्हणाला.

"मला वाटलं, न्हाई येत." एवढं बोलून तो खाली बसला.

बन्सीधरनं पुढं कितीतरी वर्षं माझी काच पुसली. पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

ज्याच्या नामांतरासाठी पंडितसारखी माणसं लढली, त्या विद्यापीठाचा यंदा, चौऱ्याण्णव साली, नामविस्तार झाला. मी निवृत्त होऊन परभणीतल्या एका तंत्रशाळेच्या आवारात चौथऱ्यावर उभा आहे. चिमण्या माझ्या पोटात घरटी करतात, त्यांचं काही नाही. पण आबासाहेबांच्या हस्ते बसवलेली एक पाटी माझ्या छातीवर आहे: 'याने महापुरातून पाच जणांचे प्राण वाचवले.' मास्तर ती पोरांना मोठ्यानं वाचायला लावतात.

इकडं कधी आलात तर येताना पाना घेऊन या. चारच नट आहेत. तेवढी ती पाटी काढा, पाया पडतो.