दिघोरीची थंडी गाडी

घनश्याम ड्रायव्हरचं नाव दिघोरीत कुणी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी दुपार व्हायच्या आत गावानं त्याला 'दारवाला' करून टाकलं, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक गावाची नव्हती. हा माणूस दर दोन मिनिटांनी ओरडायचा, "दार लावा! गारवा जाते!" म्हाताऱ्यांवर ओरडायचा, सरपंचावर ओरडायचा. एकदा तर आपल्याच साहेबावर ओरडला आणि मग जीभ चावली.

गाडी होती क्षयाच्या तपासणीची. भंडाऱ्याहून आलेली, पांढरी, बिनखिडक्यांची. आत छातीचा फोटो काढायचं यंत्र आणि कोपऱ्यात फोटो धुवायची अंधारी खोली. खोली कसली, माणूस जेमतेम उभा राहील एवढं कपाट. फोटोची फिल्म आणि ती धुवायचं औषध, दोन्ही उन्हाला भारी नाजूक. गाडी तापली की फिल्म नासते, मग कुणाच्या छातीत काय आहे ते देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून गाडीच्या पाठीला एअरकंडिशनचा डबा बसवलेला आणि मागच्या ट्रॉलीवर त्याच्यासाठी जनरेटर. चौऱ्याऐंशी सालचा मे महिना, गावात पंखे मोजून चार, आणि चिंचेखाली अशी गाडी येऊन उभी राहिलेली. लोक छाती दाखवायला येतील की गारवा खायला? दोन्हीला आले.

उभी गाडी थंड ठेवणं ही घनश्यामची विद्या होती. बटण दाबलं की झालं, असं म्हणणाऱ्याचा त्याला मनापासून राग यायचा. कुठल्याही गावात शिरला की तो आधी चिंच शोधायचा. आंब्याखाली गाडी लावायची नाही, पोरं दगड मारतात. गाडीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन इंजिनानं खावं, फिल्मनं नाही. टपावर भिजवलेली बारदानं. जनरेटरला दर दोन तासांनी वीस मिनिटं विसावा, आणि तेवढ्या वेळात दाराला कुणी हात लावायचा नाही. बारा ते चार फोटो बंद, कारण त्या उन्हात दार उघडलं की तासाभराची थंडी एका क्षणात बाहेर. सगळ्या विद्येचं सार काय, तर दार.

पहिल्या दिवशी चाळीसेक फोटो झाले. त्यात बौद्ध मोहल्ल्यातला मंगरू होता. साठीचा, बरगड्या मोजून घ्याव्या असा, वर्षभर खोकून खोकून झिजलेला. फोटो झाला, सदरा अंगात घातला, आणि बाबा काही उतरेचना. आतल्या स्टुलावर डोळे मिटून बसून राहिला. पुढच्याचं नाव पुकारून झालं तरी बसलेलाच. घनश्यामनं दारातून डोकं घातलं.

"पाच मिन्टं बसू दे ना गा," मंगरू म्हणाला. "जलमात पयल्यांदा उन्हाळ्यात घाम नाई येऊन राहिला."

"धर्मशाळा नाई हे. उतर."

आणि त्यानं मंगरूला दंडाला धरून उतरवलं. जोरात नाही, पण धरून. मंगरू हसला, हसता हसता खोकला, आणि खाली उतरून लोकांना म्हणाला की अशा घरात ठेवलं तर माणूस मरायचाच नाही. लोकही हसले. घनश्यामनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंगरू गेला.

खोकल्याची उबळ आली, तोंडातून रक्त पडलं, आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. दोष कुणाला द्यावा असं त्यात काही नव्हतं. घनश्यामला ही बातमी चहाच्या टपरीवर कळली आणि त्यानं भरला कप तसाच खाली ठेवला. काल हातात आलेला तो दंड त्याला आठवत राहिला. त्यात हाडाशिवाय काही नव्हतं.

आता अडचण पुढेच होती. मंगरूचा एकुलता एक पोरगा परसराम चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला. दिघोरी जिल्ह्याच्या या टोकाला, चिखला त्या टोकाला. दोन वर्षांमागे बैलजोडी विकण्यावरून बापलेकाचं वाजलं, तेव्हापासून पोरगा गावात आला नव्हता. पत्र यायचं ते मायच्या नावानं. बापही तसलाच हट्टी. पण मागच्या महिन्यापासून म्हातारा सारखा विचारायला लागला होता की पोट्टा दिवाळीत तरी येईल का. पहाटेच एक जण सायकलवर लाखांदूरला गेला, तिथून खाणीच्या हापिसात फोन लागला, निरोप पोचला, परसराम निघालाही. पण तीन एसट्या बदलायच्या. दिवेलागणीच्या आधी तो काही पोचत नव्हता. आणि त्या उन्हात दुपारनंतर प्रेत घरात ठेवणं शक्य नव्हतं. जाणत्या माणसांनी सांगितलं, बाराच्या आत माती आटपा. बर्फाचं म्हणाल तर तो पवनीहून आणेपर्यंत पोत्यात नुसतं पाणी राहिलं असतं.

अकराच्या सुमारास मंगरूची बायको पार्वताबाई चिंचेखाली आली. नवरा घरात पडलेला आणि बाई उन्हातून चालत गाडीकडे. रांग आपोआप बाजूला झाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सरळ घनश्यामसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, काल तुमी बुढ्याले पाच मिन्टं बसू नाई देलं," ती म्हणाली. "मी त्याचा राग नाई मानत. आज पाच-सात घंटे राहू द्या त्याले. पोराले बापाचं तोंड पाहू द्या."

टोमणा असता तर घनश्यामनं परतवला असता, तोंडानं तो कुणाला ऐकणारा नव्हता. पण हा टोमणा नव्हता. तो तडक केशवरावांकडे गेला.

केशवराव म्हणजे फोटो काढणारे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भिणारा. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसायला घेतला. प्रेत आत ठेवलं तर उद्या या गाडीत जिवंत माणूस पाय ठेवणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. शंभरावर माणसं अजून तपासायची होती, आजूबाजूच्या गावांतली. त्यातल्या दहा-बारा जणांना तरी रोग असणार, आणि ते तसेच घरी जाऊन खोकत बसणार. शिवाय वरून विचारणा झाली तर उत्तर कोण देणार? घनश्याम मात्र तिथून हलेना. शेवटी केशवराव म्हणाले, "यंत्र माझ्या ताब्यात, ते मी बंद करून चाललो. दार तुझ्या ताब्यात." आणि सरपंचाकडे जेवायला गेले.

खोटं कशाला सांगू, घनश्यामच्या मनात भीती येऊन गेली, नोकरी येऊन गेली, आणि कुणाचं प्रेत, कोणत्या मोहल्ल्यातलं, हेसुद्धा येऊन गेलं. या शेवटच्या विचाराची त्याला लगेच लाज वाटली. फिल्मचे डबे त्यानं अंधाऱ्या खोलीत बंद केले, स्टूल बाहेर काढलं आणि दार सताड उघडं टाकलं.

चौघांनी मंगरूला खाटेवरून आणलं. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला, चेहरा उघडा. गाडीच्या फरशीवर त्याला आडवं केलं तेव्हा एका बाजूनं घनश्यामनंही हात लावला. पार्वताबाईला आत बसायचं होतं. तिला कसं सांगावं ते त्याला समजेना. आत माणूस बसला की त्याच्या अंगाची गर्मी आत पसरते, आणि आज तेवढीही परवडणारी नव्हती. शेवटी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पायरीवर बसली आणि बंद दाराला पाठ टेकली. दार गार होतं.

मग सुरू झाली दुपार. असली दुपार घनश्यामनं वीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. वारा भट्टीतून आल्यासारखा. बारदानं टाकली की पंधरा मिनिटांत कोरडी ठणठणीत. नळ गावात नाही, विहिरीचा तळ उघडा पडलेला, पाणी आणायचं तर तलावावरून. मोहल्ल्यातल्या बायांनी पाण्याचे पितळी गुंड डोक्यावर घेऊन फेऱ्या सुरू केल्या. भैय्यालाल नावाचा एक धानवाला शेतकरी चिंचेखाली फोटोसाठीच बसला होता. तो उठला, घरी गेला आणि बैलबंडीभर तणस, धानाचा पेंढा, घेऊन आला. घनश्याम टपावर चढला. तणशीचा हातभर थर, त्यावर बारदानं, त्यावर पाणी. खाली उतरला तेव्हा तळहात भाजून निघाले होते. त्यानं सगळ्यांना शिव्या घातल्या, तणस वाकडी टाकली म्हणून, पाणी सांडलं म्हणून. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. दार लावा म्हणून मात्र त्या दिवशी त्याला एकदाही ओरडावं लागलं नाही.

चार वाजता केशवराव आले, चिंचेखाली पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्ची ओढून बसले. बाहेरगावचे बरेच लोक उठून गेले होते. पाचाला जनरेटर गुरगुरायला लागला. डिझेल संपत आलं होतं. कॅन उलटा करून पाहिला, थेंब नाही. आता? घनश्यामनं रबरी नळी काढली, गाडीच्या टाकीत सोडली आणि तोंडानं ओढली. डिझेलचा घोट तोंडात आला, तो थुंकला आणि नळीचं टोक कॅनमध्ये धरलं. हे परत भंडाऱ्याला जायचं डिझेल होतं. केशवराव खुर्चीतून अर्धे उठले, पायरीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं आणि परत बसले.

एसटी आली सव्वासहाला. परसराम कामाच्या पाळीवरूनच निघाला होता. नखांत खाणीचा काळा भुगा तसाच, सदऱ्यावर घामाचं मीठ. तो धावत आला आणि गाडीपाशी येऊन एकदम थबकला. बहुधा घरी असायला हवा होता तो बाप या डब्यात कसा, हे त्याला कळेना. पार्वताबाई उठली. त्याला काही समजावून सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिनं फक्त दाराकडे बोट केलं.

घनश्यामनं दार उघडलं, मायलेकाला आत घेतलं आणि दार बाहेरून लावलं. आतून त्या तगड्या गड्याचं रडणं ऐकू आलं, आणि चिंचेखालच्या बायांना जे दिवसभर रडू आलं नव्हतं ते आलं. घनश्याम दाराला टेकून उभा राहिला. कुणीतरी म्हणालं की अंधार पडेल, मातीला उशीर होईल. त्यानं त्या माणसाकडे असं पाहिलं की तो मागे सरकला. आतली माणसं किती वेळ होती ते त्याला आजही सांगता येणार नाही, त्यानं घड्याळाकडे पाहिलंच नाही. दार आतून वाजलं तेव्हा त्यानं उघडलं. उजेड होता तोवर मंगरूची माती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घनश्यामनं गाडी फिनाईलनं दोनदा धुतली. भैय्यालालनं आपल्या पाण्याच्या इंजिनासाठी ठेवलेलं डिझेल कॅन भरून आणून दिलं. केशवरावांनी रजिस्टर उघडलं. चिंचेखाली साठ-सत्तर माणसं जमली होती, पण रांग नव्हती. पहिलं नाव पुकारलं. तो माणूस आपल्या चपलांकडे पाहत बसला. दुसरं पुकारलं. ती बाई पोराला घेऊन मागे सरली. भैय्यालालचं नाव आलं, तर डिझेल देणारा तोही उभा राहिला आणि तिथेच घुटमळला. कुणी वाईट बोलत नव्हतं, कुणी घनश्यामला दोष देत नव्हतं. नुसतं पायरीवर कुणी पाय ठेवत नव्हतं.

केशवरावांनी घनश्यामकडे पाहिलं. मी म्हणालो होतो, असं त्यांनी म्हटलं नाही, पण घनश्यामला ते ऐकू आलं. तपासायच्या राहिलेल्या शंभरातले दहा-बारा. ते तसेच जातील. मंगरू गेला तसे जातील, आणि ते त्याच्या एका दारामुळे. काल केलं ते चूक होतं, असं त्याला वाटत नव्हतं, आणि तरी समोर बसलेल्यांकडे त्याला बघवत नव्हतं. केशवरावांनी रजिस्टर मिटलं आणि जनरेटर बंद करायची खूण केली.

तेवढ्यात पार्वताबाई आली. परसराम मागे होता. ती कालच्याच लुगड्यात, कपाळ मोकळं. परवा आरोग्याच्या माणसांनी तिला सांगितलं होतं की ज्या घरात असा खोकला आहे त्या घरातल्या सगळ्यांनी फोटो काढावा, आणि तिनं मला काय धाड भरली म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं. आज ती कुणाकडे न पाहता चिंचेखालून सरळ चालत आली. लोक तिला वाट देत गेले. पायरीपाशी ती क्षणभर थांबली. काल दिवसभर ती इथेच बसली होती. मग तिनं पदर खोचला, पाय ठेवला आणि आत गेली.

घनश्याम कडी हातात धरून तसाच उभा होता. डोळ्यांपुढचं धूसर झालं होतं. आतून आवाज आला.

"दार लावा ना भाऊ. गारवा जाते."

त्यानं दार लावलं. मागे वळून पाहिलं तर पायरीपाशी परसराम उभा होता, त्याच्यामागे भैय्यालाल, आणि भैय्यालालच्या मागे पोराला कडेवर घेतलेली ती बाई.