पत्रावळीच्या यंत्रावरची जाळी

मित्रांनो, माझा रंग मुळात पिवळाधमक होता. आता कडांचे पोपडे निघाले आहेत. कागदी पत्रावळी दाबणाऱ्या यंत्रावरची मी लोखंडी जाळी. जव्हारहून जामसरकडे जाताना रस्त्याच्या कडेला पत्र्याचा एक कारखाना लागतो, तिथे मी असते. बाईने कागद ठेवला की मला खाली ओढायचे. मी पुरती खाली आले की बाजूचे बटण दबते, आणि तेव्हाच तापलेला साचा उतरतो. मी वर असले तर तो जागचा हलत नाही. साचा आणि माणसाचा हात यांची कधी गाठ पडू नये, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझ्या आधी हे यंत्र उघडेच होते. त्यात रुपी नावाच्या बाईची दोन बोटे गेली. पुढे सरकारची एक योजना आली. जुनी यंत्रे सुरक्षित करणाऱ्या कारखानदाराला खर्चातला मोठा वाटा अनुदान म्हणून मिळणार होता. शेठने अर्ज केला आणि मी टेम्पोत बसून घाट चढून आले. तपासणीच्या साहेबांनी नारळ फोडला, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढला. ते गेल्यावर यंत्रावर बसणाऱ्या हौशीने केसांतले अबोलीचे फूल माझ्या दांडीत खोचले.

"आता मना भ्याव नाय," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

पण मला वर-खाली व्हायला वेळ लागे. दिवसाला हजार पत्रावळी निघायच्या, तिथे सातशे निघू लागल्या. शेठ काही वाईट माणूस नव्हता. पुढच्या भेटीत त्याने साहेबांना विचारलेही, "साहेब, जाळीचं अनुदान मिळालं. पण माल कमी निघतो, त्याचं काय?"

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "त्याला यात रकाना नाही," ते म्हणाले.

लग्नसराई आली. हजार भरत नसतील तर दुसरी बाई बघावी लागेल, असे शेठने सांगून टाकले. हे काम गेले असते तर हौशीला पोरीची शाळा सोडवून पुन्हा वीटभट्टीवर जावे लागले असते. तिसऱ्या सकाळी तिने घरून बांबूची चपटी कामटी तासून आणली, माझ्या बटणात घट्ट बसवली आणि मला चिंधीने वर बांधून टाकले. यंत्राला वाटले, मी खालीच आहे.

रुपी आता पत्रावळी मोजून गठ्ठे बांधायची. ती उठून आली. "हौशे, काढ ते. माजा हात बघ."

"चार दिस गं. ही आर्डर गेली का काढते."

मुकादम रूपेशने पाहिले आणि तो दुसरीकडे वळला. मी वर लटकून हौशीचा हात आत जाताना मोजत राहिले. हजार वेळा आत, हजार वेळा बाहेर. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. बांधलेली जाळी नुसती पाहू शकते.

पाचव्या दिवशी दुपारी वीज गेली. साच्यात एक कागद दुमडून अडकला होता. यंत्र बंद आहे तोवर काढून घ्यावा म्हणून हौशीने उजवा हात आत घातला. आणि वीज आली.

शेठने स्वतः तिला गाडीत घालून जव्हारच्या दवाखान्यात नेले. वाटेभर तो रडत होता, असे सोबत गेलेली रुपी नंतर सांगत होती. इकडे रूपेशने कामटी उपसली, चिंधी सोडली आणि मला खाली आणले.

आठवड्याने साहेब चौकशीला आले. त्यांनी मला तीनदा वर केले, तीनदा खाली. मी तिन्ही वेळा नीट चालले. एकदा तरी अडावे, असे मला फार वाटले. पण मला तेही येत नाही.

"जाळी ठीक आहे," साहेबांनी लिहिले. "मग हात आत सापडला कसा?"

"तिनेच जाळी वर बांधली होती," रूपेश म्हणाला. ते खरेच होते.

महिन्याने हौशी आली. हाताला मनगटापर्यंत पांढरी पट्टी होती. शेठने खाली मान घालून कागद पुढे सरकवला. चूक कामगाराची, असे त्यावर होते. हौशीला सही येत होती. रात्रशाळेत ती उजव्या हाताने शिकली होती.

"डावा अंगठा चालंल का?" तिने विचारले.

चालला. जाताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मी काय केले असते?

आता तिच्या स्टुलावर बाळी बसते. ती अजून नवखी आहे, दर वेळी मला खाली ओढते. तिलाही हजारच सांगितल्या आहेत.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी साहेब व्हाल, कुणी शेठ. मला जरूर तपासा, तेलपाणी करा. पण आधी माझ्यासमोर बसलेल्या बाईला विचारा, "बाई, जाळी लावून दिवसाला किती होतात?" आणि ती सांगेल तेवढ्याच मागा.