जावयाला झोप लावणारा कूलर

मित्रांनो, जरा माझ्यासमोरून बाजूला सरकून बसा. समोर बसलात तर तुम्हाला झोप लागेल आणि माझी गोष्ट अर्धीच राहील. मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. भोकरपासून थोडे आत एक शेतकऱ्यांचे गाव आहे, तिथे किशनरावांच्या घरी माझा मुक्काम. माझा रंग राखाडी, पोटाला गंज धरलेला, आणि आवाज असा की किशनरावांकडे पाहुणे आले आहेत हे अख्ख्या गल्लीला कळावे. तरीही मी तुम्हाला खरे सांगतो, माझ्याइतक्या नवलाच्या गोष्टी फार थोड्या वस्तूंनी पाहिल्या असतील.

माझा जन्म नांदेडचा. चंद्रप्पा नावाच्या एका वेल्डरने मला घडवले. त्याने पत्रा कापला, लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडली आणि तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या बसवल्या. खाली पाण्याची टाकी, टाकीत एक छोटी मोटर आणि पोटात भला मोठा पंखा. मोटर पाणी वर चढवते, पाणी गवतातून झिरपत खाली येते, आणि बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या गवतातून आत शिरली की गार होऊन पुढे जाते. एवढीच माझी विद्या. पण पहिल्यांदा मला चालू केले तेव्हा दिवसभर ठिणग्यांत काम करून थकलेला चंद्रप्पा माझ्यासमोर येऊन बसला आणि बघता बघता बसल्या जागी पेंगू लागला. पाणी आणि वारा यांच्यात एवढी ताकद असते हे पाहून मी थक्क झालो. दोन्ही फुकटच मिळतात, असा तेव्हा माझा समज होता.

टेम्पोत बसून मी गावाकडे निघालो तेव्हा उन्हाची आणि माझी खरी ओळख झाली. मित्रांनो, मराठवाड्याचा वैशाख-ज्येष्ठ म्हणजे काय, हे सावलीत बसून कळत नाही. सकाळी न्याहारी होईपर्यंत भिंती तापतात. टाकीच्या नळाला हात लावला तर चटका बसतो. दाराची कडीसुद्धा बायका पदरात धरून काढतात. कोंबड्या बाजेखाली चोची उघड्या टाकून पडून राहतात आणि भर दुपारी गाव असे सामसूम होते की वाटावे, सगळे लोक कुठे तरी निघून गेले. एवढ्या मोठ्या आकाशात तो एकटा सूर्य, आणि खाली आपली शेते, घरे, गुरे, माणसे. मी त्याच्याकडे पाहून अक्षरशः गांगरून गेलो. याच्याशी लढायला मला आणले आहे, हे मला खरेच वाटेना.

किशनरावांनी मला बैठकीच्या खोलीच्या खिडकीला, बाहेरच्या बाजूने, लोखंडी घोडीवर बसवले. म्हणजे माझे तोंड खोलीत आणि पाठ अंगणात. सुरुवातीला माझे केवढे कौतुक झाले. शेजारपाजारचे येऊन समोर उभे राहत, शर्ट फुगवून घेत आणि किशनरावांच्या पाठीवर थाप मारत. मीही फुशारकीने आणखी जोरात घुरघुरत असे. छताचा पंखा माझ्याकडे वरून बघायचा, पण त्या बिचाऱ्याला गरम हवा इकडची तिकडे करण्यापलीकडे काही जमत नव्हते.

कौतुक काही कायमचे टिकत नाही. पावसाळा आला की मला घोडीवरून उतरवून कोपऱ्यात ढकलत, वर पोते टाकत आणि पोत्यावर कांदे पसरत. एका हिवाळ्यात मांजरीने माझ्या टाकीत पिल्ले घातली. एकदा मोटर जळाली, ती बदलायला किशनरावांनी अख्खा उन्हाळा घालवला. पण होळी झाली की त्यांची बायको कावेरीबाई न चुकता येत, माझे जुने गवत काढत, टाकी घासत आणि नवे गवत हाताने सारखे करून भरत. गवत एका जागी दाटले तर वारा अडतो, आणि विरळ झाले तर गरम झोत येतो. कावेरीबाईंच्या हाताला ते बरोबर कळत असे.

आणि हळूहळू मला पाण्याची खरी गोष्ट कळली. गावात नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचे. उन्हाळ्यात किशनराव शेतातल्या बोअरवरून मोटरसायकलला कॅन बांधून पाणी आणत आणि कावेरीबाई ते घागरीने माझ्या टाकीत ओतत. मी तर घागरींमागून घागरी पिणारा. म्हणून घरची माणसे स्वतःसाठी मला कधी चालू करतच नसत. ती अंगणात ओली चादर अंथरून पडत. मी फक्त पाहुण्यांसाठी होतो. स्वतः तापत बसायचे आणि गारवा पाहुण्याला द्यायचा, ही माणसांची रीत मला उन्हापेक्षाही मोठी वाटायची. आजही वाटते.

आता ती दुपार सांगतो. ते वर्ष अधिक महिन्याचे होते. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला घरी बोलावतात आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. दर तीन वर्षांनी येणारा हा महिना त्या वेळी नेमका ऐन ज्येष्ठात आला होता. किशनरावांची लेक राजकन्या देगलूरला दिलेली. ती आधीच माहेरी येऊन आईला हातभार लावत होती. तिचा नवरा अमरेश आणि सासू उमादेवी त्या दिवशी सकाळीच पोचणार होते.

कावेरीबाई पहाटेपासून अंगणापलीकडच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात होत्या. पुरण शिजवणे, वाटणे, धोंडे उकडणे, सगळे चुलीवर. आणि त्यांच्या सासूने घालून दिलेला एक नेम त्या पाळत होत्या: जावयाच्या तोंडात धोंडा पडेपर्यंत सासूने पाण्याचा घोट घ्यायचा नाही. हिवाळ्यात, पावसाळ्यात हा नेम सहज पार पडत असेल. पण ज्येष्ठात, पत्र्याखाली, चुलीपुढे? राजकन्येने दोनदा तांब्या पुढे केला. दोन्ही वेळा कावेरीबाईंनी तो बाजूला सारला.

त्यात पाहुण्यांच्या जीपचे चाक वाटेत पंक्चर झाले. ते पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. अमरेशचे डोळे लाल झाले होते आणि उमादेवींनी ओला रुमाल कपाळावर धरला होता. पाय धुवायला पाणी दिले, गूळ-पाणी झाले, आणि दोघांना माझ्यासमोर बसवले. मी त्या दिवशी जीव ओतून वारा दिला. अमरेश म्हणाला, थोडा टेकतो, मग बसू जेवायला. तो गादीवर आडवा झाला आणि जो झोपला तो झोपलाच. उमादेवीही भिंतीला टेकल्या टेकल्या घोरू लागल्या. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला. आमच्याकडची वीज म्हणजे कधी जाईल सांगता येत नाही, पण त्या दुपारी तीही गेली नाही.

किशनराव पाण्याच्या आणखी कॅन आणायला शेताकडे गेले होते. माझी टाकी मात्र उतरत चालली होती. म्हणून कावेरीबाई घागर घेऊन माझ्या पाठीशी आल्या, भर उन्हात. त्यांनी घागर उचलून माझ्यात ओतली. पाणी त्यांच्या तोंडाच्या इतक्या जवळून गेले की चार थेंब हनुवटीवर उडाले. त्यांनी ते पदराने पुसून टाकले. मित्रांनो, मी लोखंडाचा, मला तहान कळते ती फक्त टाकी कोरडी पडली की. पण त्या क्षणी मला माणसाची तहान कळली, आणि ती जिंकणारे माणूसही दिसले. मी थक्क झालो आणि आत कुठेतरी घाबरलोसुद्धा.

थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या. आता घागर उचलायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला. मागून राजकन्या आली. ती म्हणाली की मी जाऊन त्यांना उठवते. कावेरीबाईंनी तिचा हात धरला.

"झोपल्या जावयाला उठवत न्हाईत गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लांबून आलेत. त्यांची झोप होऊ दे."

"माय, तुझं तोंड बघ कसं सुकलंय. घोटभर तरी पी."

"न्हाई. धोंडा त्यांच्या तोंडात पडू दे आधी."

राजकन्या चुलीवरचे दूध बघायला आत पळाली. आणि मी काय करत होतो? मी जावयाला आणखी गाढ झोप लावत होतो. मी जितका गार वारा देत होतो तितका तो जास्त झोपत होता, आणि तो जितका झोपत होता तितकी कावेरीबाईंची तहान लांबत होती. मला बंद पडता आले असते तर मी तिथल्या तिथे बंद पडलो असतो. पण माझे बटण माझ्या हातात नाही.

तिसऱ्या खेपेला घागर माझ्या काठापर्यंत आलीच नाही. ती खाली आदळली, पाणी तापल्या फरशीवर पसरले आणि कावेरीबाई त्यातच कोसळल्या. राजकन्या धावत आली. तिने आईला हाका मारल्या, मग नवऱ्याला, मग सासूला. माझ्या घुरघुरण्यात तिची एकही हाक आत पोचली नाही. शेवटी ती खोलीत शिरली आणि तिने माझे बटण बंद केले. खोली एकदम शांत झाली आणि त्या शांततेने अमरेश आणि उमादेवी दोघेही दचकून उठले.

दोघांनी मिळून कावेरीबाईंना आत उचलून आणले आणि माझ्यासमोर निजवले. मला पुन्हा चालू केले. उमादेवींनी बाहेर जाऊन माझ्या टाकीतून तांब्या भरून आणला आणि विहिणीच्या डोक्यावर, मानेवर, तळपायांवर पाणी ओतले. इतकी वर्षे मी या बाईचे हात पाठीमागून ओळखत होतो. माझ्या वाऱ्यात त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो लालबुंद झाला होता आणि ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, माणसे ओळखली, उठायलाही बघितले. उमादेवींनी मीठ-साखर घातलेल्या पाण्याचा पेला ओठांना लावला. कावेरीबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"नेम धरलाय तिनं," राजकन्या रडत म्हणाली. "तुमच्या तोंडात धोंडा पडल्याबिगर पिणार न्हाई ती. सकाळधरून पाणी न्हाई पोटात."

अमरेश ताडकन उठला. मग तो अनवाणी अंगण ओलांडून पळाला. खरे तर जावयाला पाटावर बसवायचे, ओवाळायचे, चांदीच्या वाटीत तूप वाढायचे असते. त्याने यातले काही पाहिले नाही. पातेल्यातला एक गरम धोंडा हातात घेतला, परत पळत येऊन सासूच्या समोर गुडघे टेकले आणि अख्खा धोंडा तोंडात कोंबला. चटक्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"मामी, बघा," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "खाल्ला म्या. आता प्या."

कावेरीबाईंनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितले. खात्री झाली तेव्हा त्यांनी ओठ उघडले. पहिला घोट गेला, मग दुसरा, मग पेला रिकामा झाला. तो घोट त्यांच्या गळ्यातून उतरताना मी पाहिला आणि मला वाटले, आजवर माझ्या टाकीत ओतलेले सगळे पाणी या एका घोटापुढे काहीच नाही.

तेवढ्यात किशनराव आले. त्यांना बघताच काय झाले ते कळले. जीपचे चाक वाटेतच बदललेले होते, त्याच जीपमधून कावेरीबाईंना भोकरला दवाखान्यात नेले. सलाईन लावले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होते. ऊन कलल्यावर त्या किशनरावांच्या हाताला धरून घरी आल्या.

उमादेवींनी लगेच मला खिडकीतून काढायला लावले. अमरेश आणि किशनराव यांनी मला उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी नेले आणि तोंड आत, चुलीकडे केले. कावेरीबाईंनी ते पाहिले आणि त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. पाहुण्यांना उकडेल, असे त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या.

"उकडू द्या की, इहीणबाई," उमादेवी म्हणाल्या. "आमी दोन दिसाचे. तुमी इथं रोजच्या."

मग त्यांनी माझ्यासमोर सतरंजी अंथरली आणि विहिणीला तिथे निजवले. पाट मांडून तयार होते, धोंडे गरम केलेले होते, तूपही पातळ करून ठेवले होते. पण कुणीही जेवायला बसले नाही. किशनरावांनी अमरेशला जेवून घ्यायला सांगितले, तर तो म्हणाला की मामी उठल्यावर बसू. माझी टाकी उतरली तेव्हा जावयाने स्वतः घागर उचलली आणि आवाज होऊ नये म्हणून पाणी हळूहळू ओतले. कावेरीबाई गाढ झोपल्या होत्या, आणि देगलूरचे पाहुणे उंबऱ्याशी बसून, पदराने आणि टोपीने वारा घेत, त्या कधी उठतात याची वाट बघत होते.

मित्रांनो, माझे गवत दरवर्षी बदला, टाकीतले पाणी साचून ठेवू नका, एवढे मी मागेनच. पण उन्हाळ्यात तुमच्या घरी पाहुणे येतील आणि सगळे माझ्यासमोर दाटीवाटीने बसतील, तेव्हा एक जण उठा आणि माझ्या पाठीमागे जाऊन बघा. तिथे कुणीतरी घागर घेऊन उन्हात उभे असेल. त्यांच्या हातातली घागर घ्या, त्यांनी आज पाणी प्यायले का ते विचारा, आणि त्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवा.