समोरचं अर्धवट चर्च

दिवसभर आमच्या समोरचं चर्च बघून बेगोन्या, माझ्या नवऱ्याची बिल्बाओची भाची, संध्याकाळी वर आली ती थेट बाल्कनीत. मी पावावर टोमॅटो चोळत होते.

“मामी, काय नशीब तुमचं! रोज उठल्याबरोबर समोर हे!”

“लहानपणी ह्याच्या बांधकामासाठी वर्गणीचा डबा खुळखुळवत दारोदार फिरलेय मी. त्याचंच बक्षीस मिळतंय आता.”

“मग चिडताय कशाला? होतंय की आता पूर्ण!”

“होऊ दे ना! पण पुढच्या दाराला म्हणे भव्य पायऱ्या हव्यात. त्यांच्या नकाशात पायऱ्या आहेत, आमची बिल्डिंग नाही. पाडणार म्हणतात. देवाला एवढ्या पायऱ्या कशाला लागतात गं?”

तिचं लक्षच नव्हतं. फोन उंच धरून ती मागे मागे सरकत होती.

“अख्खं मावतच नाही हो फोटोत! पूर्ण झालं की परत येईन. तेव्हा कुठे उभी राहू?”

माझ्या हातातल्या पावाचा पार लगदा झाला होता. मी तिचा दंड धरला आणि तिला ओढत आत नेऊन शेगडीपाशी उभं केलं.

“इथे. तेव्हा मध्ये काही येणार नाही.”