काचेतली निळी माशी

मित्रांनो, मी एक जुनी, रुंद तोंडाची बाटली. जन्माने कॉफीची, पण बहुतेक आयुष्य गेलं विष पोटात घेऊन. नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या.

कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांनी मला धुतलं, तळाशी प्लॅस्टर ओतलं आणि ते वाळल्यावर त्यात औषध मुरवलं. अंगावर 'विष' अशी लाल चिठ्ठी डकवली. जाळीत सापडलेला किडा माझ्यात सोडायचा आणि झाकण लावायचं. थोड्या वेळात तो निपचित पडायचा. मग टाचणी, मग भिंग. सर उगाच मुंगीसुद्धा मारत नसत, हेही सांगून ठेवते. पण "टाचणीवर असेल तेच खरं," असं या कामातले लोक म्हणतात. फोटोत पायांवरचे केस दिसत नाहीत, आणि ते पाहिल्याशिवाय एक माशी दुसरीपासून ओळखता येत नाही. प्रवासात सर मला मोज्यात गुंडाळून जपून नेत. स्वतःचा चष्मा मात्र कुठेही टाकत.

शहराबाहेर एक माळ होता. तिथे जांभळ्या फुलांची झुडपं होती. त्या खोल फुलांत शिरायचं कसब एकाच माशीला होतं. निळसर, मधमाशीच्याच कुळातली, पण जमिनीत बीळ करून एकटी राहणारी. तिच्यामुळेच झुडपांना बी धरायचं. पुढे ती दिसेनाशी झाली. त्यातच माळावर गोदामं बांधायचं ठरलं. माशी अजून आहे हे सिद्ध झालं, तरच माळ सुटणार होता.

सरांनी आणि त्यांच्या लेकीने माळ पिंजून काढला. बहर सरत आला तेव्हा कुठे लेकीच्या जाळीत ती आली. मादी होती, पायांना पराग माखलेला. सरांनी आनंदाने मला मोज्यातून बाहेर काढलं.

"बाबा, एकच आहे ही," लेक म्हणाली. "हिला मारून हिचंच घर वाचवायचं?"

"एक दिसली म्हणजे दहा असतात गं. आणि पुराव्याशिवाय आपलं ऐकणार कोण?"

"आणि नसल्या तर?"

सरांनी माझं झाकण उघडलं. मला तोंड आहे, पण नाही म्हणायला ते काय कामाचं? ती काचेवर आपटली, फिरली, मग पराग सांडत तळाशी स्वस्थ झाली. माझ्यात कितीतरी किडे गेले, पण तिच्यासाठी माझा जीव तुटला.

माळ वाचला. गोदामं दुसरीकडे गेली. सगळ्यांनी सरांची पाठ थोपटली.

पुढच्या बहरात माशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फुलं उमलली आणि गळली, बी काही धरलं नाही.

सरांनी माझं प्लॅस्टर खरवडून काढलं. आता माझ्यात बारीक कुंचले असतात. बहर आला की बापलेक मला घेऊन माळावर जातात, गुडघ्यांवर बसतात आणि एका फुलातला पराग कुंचल्याने दुसऱ्यात नेतात. पाठ मोडून येते, तरी निम्मी झुडपंही होत नाहीत. मित्रांनो, एकच उरलेल्या जिवाला आधी जगू द्या. पुराव्याचं मागाहून बघता येईल.

परवा संध्याकाळी माळावर सरांना उठवेना. लेकीने हात पुढे केला.

"थांब जरा," ते म्हणाले. "ती एवढीशी होती गं. एकटी करायची हे सगळं."