चढावरचा अर्धा क्लच

जावयाने भर गिऱ्हाइकांसमोर जळकी क्लच प्लेट टेबलावर आपटली, तेव्हाच माईने मनात ठरवून टाकलं, या माणसाला वळण म्हणून नाही. लेकीकडे बघून आजवर पुष्कळ गिळलं होतं, पण हे काही घशाखाली उतरेना. नवऱ्यामागे हे गॅरेज तिने उभं ठेवलं होतं. सही करताना अजून तिच्या जिभेचं टोक बाहेर यायचं, पण तीच जीभ आत असली की भल्याभल्या गिऱ्हाइकांना एका वाक्यात जमिनीवर आणायची. आणि आज घरचाच माणूस परक्यांसमोर घरची अब्रू काढत होता.

“दादा, तुम्हीच बसवलीत ना ही?” जावई म्हणाला. “पहिली जळली तेव्हा म्हणालात, प्लेटच खराब असेल. आता ही दुसरी. आता काय खराब आहे?”

तिचा मुलगा त्या लाल, जमिनीला टेकलेल्या गाडीखालून सरपटत बाहेर आला. तिसरी प्लेट नुकतीच बसवून झाली होती.

“आता पाय खराब असेल,” तो म्हणाला. “भाऊजी, ही पळायची गाडी. हिचा क्लच एक तर दाबायचा, नाहीतर सोडायचा. अर्धवट धरून ठेवला की घासतो, घासला की जळतो. बघा की, कशी निळी पडलीय.”

“म्हणजे मला गाडी चालवता येत नाही?”

“मी कुठं म्हणालो? प्लेट म्हणतेय.”

बाकावर बसलेलं गिऱ्हाईक खुदकन हसलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. जावयाचे कान लाल झाले.

“ठीक आहे. यापुढे गाडी मोठ्या वर्कशॉपला जाईल. कोणी ‘का’ म्हणून विचारलं, तर इथलं काम कसं असतं ते सांगेन.”

“खुशाल सांगा. आणि या दारात पुन्हा आणू नका. गाडी पण, आणि…”

पुढचा शब्द त्याने आईकडे बघून गिळला, पण तो काय होता ते सगळ्यांना कळलं. हे दोघे एका ताटात जेवल्यासारखे वागणारे मेहुणे. यांचं बोलणं तुटलं की लेकीचं माहेर तुटणार, हे कळायला काही शाळा लागत नाही.

माई उठली.

“आवरा तोंडं. मी बसते गाडीत. कोणाचा पाय वाकडा आहे ते बघतेच.”

“आई, तुला क्लचमधलं काय कळतं?”

“तुला चालायला कोणी शिकवलं रे? पायातलं मला कळतं.”

त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरण्यासारखं होतं. माई दाराला धरून, देवाचं आणि जावयाचं नाव आलटून पालटून घेत एकदाची आत पोचली. तिची खात्री होती की हा गडी सिग्नलला उधळत असणार, पोरीबाळींना आवाज ऐकवत असणार. रंगेहाथ धरायचा, म्हणजे मुलाची बाजू आपोआप सिद्ध.

पण गाडी निघाली ती झोपलेलं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तशी. धक्का नाही, हिसका नाही. माईच्या लक्षात आलं की ही गाडी रोज अशीच चालते. टेकडीवर राहणाऱ्या तिच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून जावई रोज संध्याकाळी माईला तिच्याकडे वर नेत होता. पण आजवर तिने त्याच्या पायांकडे कधी बघितलंच नव्हतं. ती बघायची खिडकीबाहेर, आपल्याला कोण कोण बघतंय ते.

टेकडीचा चढ लागला. निम्म्यावर शिंपी दुकानाच्या दारात उभा होता.

“थांबवा, थांबवा!” माई सवयीने म्हणाली आणि काच खाली केली. “काय हो, गुडघा काय म्हणतोय?”

शिंप्याचा गुडघा बरंच काही म्हणत होता. ते ऐकता ऐकता माईने मान खाली घातली. जावयाचा डावा पाय पेडलवर अर्धवट दाबलेला होता, ना आत ना बाहेर. गुडघा बारीक थरथरत होता. गाडी पुढेही जात नव्हती, मागेही घसरत नव्हती. आणि वास येत होता. मघाशी टेबलावरच्या प्लेटला होता, तोच.

“ब्रेक लावून का नाही थांबत?”

“लावला की चढावर परत उचलताना गाडी हिसका देते.”

“मग देऊ दे की!”

जावई समोरच बघत राहिला. “पहिल्यांदा बसलात तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘यापेक्षा उंट बरा.’ सगळे पाहुणे हसले होते.” मग म्हणाला, “तेव्हापासून तुम्ही बसलात की मी पाय पूर्ण सोडत नाही. म्हटलं, तेवढ्याने काय होतंय.”

माईला तो दिवस आठवला. उंटाचं वाक्य तिचं तिलाच इतकं आवडलं होतं, की पुढे आणखी चार घरी जाऊन ती ते ऐकवून आली होती.

तिने काच वर केली. शिंप्याचा गुडघा अर्ध्यातच राहिला. त्याच्या पुढे वाणी, मग इस्त्रीवाला, मग कोपऱ्यावरची नर्सबाई. सगळा चढ माईच्या ओळखीचा होता, आणि सगळे थांबेही तिचेच.

“वळवा गाडी,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने एकदाही काच खाली केली नाही. जावयाने दोनदा वळून बघितलं, यांना बरं वाटत नाही की काय म्हणून.

गॅरेजच्या दारात मुलगा हात पुसत उभा होता. बाकावरच्या गिऱ्हाइकाची गाडी केव्हाच तयार झाली होती, तरी ते निकालासाठी बसून होतं.

“काय आई? कोणाचा पाय?”

माईने तोंड उघडलं, पण जावईच आधी बोलला. “माझाच. चढावर अर्धा धरतो मी क्लच. दादा, तुमचं काम चोख होतं. मघाशी बोललो ते चुकलं माझं.”

उंटाचं नाव नाही, सासूचं नाही.

“पण असं का करता?” मुलाचा आवाज एकदम मऊ झाला. “तुम्ही तर चांगली चालवता.”

“लागते एखादी सवय,” म्हणत जावयाने खांदे उडवले.

प्रकरण तिथेच मिटत होतं. मुलाची अब्रू जागेवर आली होती, मेहुणे बोलायला लागले होते, माईला नुसतं गप्प बसायचं होतं. पण फुकटचं काही घ्यायची तिला कधी सवय नव्हती. तिने गाडीचं दार धाडकन लावलं आणि बाकापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“चूक तुमचीच आहे, जावईबापू! सासू टोचून बोलते म्हणून कोणी क्लच जाळतं होय? आमच्या घरात मला गप्प करायची छाती कोणाला झाली नाही, या माझ्या लेकालासुद्धा नाही. वाटलं होतं, बाहेरून आलेला तरी करेल. उद्यापासून पाय पूर्ण सोडायचा. हिसका बसला की मी बोलणार, ते काही सुटायचं नाही. तुम्ही उलट बोलायला शिका.”