साठ फरश्या

टेलर मास्तरांचं सगळं घोडं चारशे मीटरवर अडलं होतं, आणि दुकानाची किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती.

दुकान तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. नऊ महिन्यांपूर्वी जिना चढताना मास्तरांना अशी धाप लागली की मधल्या पायरीवर बसूनच राहिले. तपासणीत निघालं, हृदयाचा पंप मंदावलाय. इस्पितळात तेव्हा एका नव्या गोळीवर संशोधन चालू होतं, त्यात मास्तरांचं नाव लागलं. संशोधनाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, सहा मिनिटांत चारशे मीटर चालून दाखवा, मग जिन्याचं बघू. तोवर दुकान बंद. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, हे इतकं मनावर घेतलं की त्याच संध्याकाळी किल्ली ताब्यात घेतली. नवऱ्याचा शब्द काय लायकीचा असतो हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलेलं होतं.

दर तीन महिन्यांनी चालण्याची परीक्षा व्हायची. इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवायचे आणि पेशंटनं त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या. एका येरझारीतली एक खेप तीस मीटरची. सहा मिनिटांत जितकं चालणं झालं तितकी हृदयाची ऐपत. घड्याळ घेऊन एक मुलगी उभी असायची, सगळे तिला घड्याळवाली म्हणत. मोठी कडक पोरगी. उत्तेजन दिलं की माणूस जास्त चालतो आणि आकडे बिघडतात, म्हणून तिला ठरलेलीच वाक्यं बोलायची मुभा होती. दर मिनिटाला ती एकाच सुरात म्हणायची, ‘छान चाललंय, अजून चार मिनिटं राहिलीत.’ मास्तरांनी जाता जाता विनोद करून पाहिले, पण ती कसली हसते!

पहिल्यांदा मास्तर तीनशे बेचाळीस मीटर चालले. मग तीनशे एकाहत्तर, मग तीनशे अठ्ठ्याऐंशी. आज चौथी परीक्षा होती आणि आज काही झालं तरी किल्ली घेऊनच जायची असं ठरवून ते आले होते. अंगात तरतरी होती, धाप म्हणावी तर नावाला नव्हती. सहा मिनिटं संपली. घड्याळवालीनं मोजलं, बारा पुऱ्या खेपा आणि वर सहा मीटर.

तीनशे सहासष्ट.

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. बाकावर बसलेल्या काकूंनी पर्सची चेन ओढून घेतली, आणि तेवढ्यानंच मास्तरांना भरून आलं. दुकान आता काही उघडत नाही, आपण आता असेच खिडकीत बसून लोकांचे शर्ट बघत म्हातारे होणार, असं त्यांना वाटलं.

डॉक्टरीणबाई इकोचा रिपोर्ट घेऊन आल्या. त्याही कोड्यात पडल्या होत्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर मास्तरांचं हृदय चांगलं आवळताना दिसत होतं, पंपाचा आकडा पस्तीस टक्क्यांवरून शेहेचाळीसवर गेला होता. मग चालणं का घटावं? त्यांनी खरं ते सांगून टाकलं. गेल्या दोन महिन्यांत चाललेल्या एकोणीस पेशंटांपैकी बहुतेकांचं असंच झालंय, गोळीचा गुण टिकत नसावा. हेच आकडे वरच्यांकडे गेले की संशोधन बंद पडणार. तीन वर्षांची मेहनत होती बाईंची.

मास्तर मान खाली घालून फरशीकडे बघत बसले. आता पन्नास वर्षं कापड बेतलेला माणूस नुसता बघत बसेल होय? डोळे आपोआप मापं घेतात. गेल्या वेळी इथं जुन्या, टवके उडालेल्या फरश्या होत्या. आता नव्या, चकचकीत. मास्तरांनी बुटाचं टोक फरशीच्या सांध्याला लावलं, मग वीत टेकवली, मग दुसरी. मग त्यांनी घड्याळवालीला विचारलं, शंकू कुठं ठेवायचे हे ती कसं ठरवते?

ती म्हणाली, साठ फरश्या मोजून. फरशी अर्ध्या मीटरची, म्हणजे साठ फरश्यांचे तीस मीटर. तिच्या आधीच्या ताईंनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.

“बाळ, ही फरशी अर्ध्या मीटरची नाही.”

“सगळ्या सारख्याच आहेत, मास्तर.”

“एकमेकींसारख्या आहेत गं. अर्ध्या मीटरसारख्या नाहीत.”

काकूंनी किल्ली काढून घेतली होती, पण खिशातल्या टेपला कुणी हात लावला नव्हता. मास्तर गुडघे टेकून बसले आणि टेप लावली. पंचावन्न सेंटिमीटर. त्यांनी पुन्हा लावली, कारण कात्री चालवण्याआधी माप दोनदा घ्यायची सवय. पंचावन्नच. डॉक्टरीणबाईंनी पांढरा कोट सावरत खाली बैठक मारली, घड्याळवालीनं टेपचं दुसरं टोक धरलं आणि तिघं मिळून या शंकूपासून त्या शंकूपर्यंत रांगत निघाली. दीड मीटरची टेप, बावीस वेळा लावली. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. तीस कुठले, तेहेतीस मीटर भरले!

घड्याळवाली कानापर्यंत लाल झाली, आता रडते की काय असं वाटलं. डॉक्टरीणबाई मात्र तिथंच फरशीवर बसून हसायला लागल्या आणि त्यांना थांबताच येईना. कुणाचंच हृदय घटलं नव्हतं. माणसं सुधारली होती, रस्ताच लांबला होता. एकोणीसच्या एकोणीस जणांचा हिशोब आजच नव्यानं मांडायला हवा होता.

“आधी माझा मांड,” मास्तर म्हणाले.

बारा गुणिले तेहेतीस, तीनशे शहाण्णव. वर सहा. घड्याळवालीनं दोनदा करून पाहिलं. मग नेहमीच्या सुरात सांगायला गेली, पण सूर काही सापडेना.

“चारशे दोन, मास्तर.”

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, हळू चढायचं, प्रत्येक मजल्यावर दम घ्यायचा. काकूंनी पर्सची चेन उघडली.

दुपारीच दोघं जिन्याशी आली. मास्तर पुढं, काकू मागं. पहिल्या मजल्यावर मास्तर कठडा धरून थांबले, तर मागून अगदी ठरलेल्या सुरात आवाज आला, “छान चाललंय, अजून दोन मजले राहिलेत.” मास्तरांना इतकं हसू आलं की चढताना हसू नका म्हणून बोलणी खावी लागली. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिलं. ठोके आपले शहाण्यासारखे चालले होते.

कुलूप गंजलं असेल म्हणून ते जोर लावायला गेले, तर किल्ली अल्लाद फिरली. आत मशीनवर धुळीचा कण नव्हता. ताज्या तेलाचा वास येत होता. रिळं रंगवार लावलेली होती, कात्रीला धार होती.

“तू येत होतीस?”

“दर शनिवारी,” काकू म्हणाल्या. “तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं. बंद मशीन गंजतं.”

नऊ महिने जिच्यावर मनातल्या मनात चरफडत होते, ती हे तीन मजले चढून त्यांच्या मशीनला तेल घालत होती. मास्तर स्टुलावर बसले, पायडलवर पाय ठेवला आणि घळाघळा रडले. सुईत दोरा काकूंनीच ओवून दिला, कारण मास्तरांना काही दिसेना.